दिलीपच्या प्रश्नावर आम्ही हसलो होतो

आमचा फायरमन दिलीप आगीत गेला नाही. त्याने आत्महत्या केली.

आज वर्ष झालं. वर्षभर आम्ही "हार्ट अटॅक" सांगत फिरलो.
वहिनींना, म्हणजे त्याच्या बायकोला, विचारूनच लिहितोय. म्हणाल्या, "लिहा भाऊजी, लपवून लपवून मी थकली."

घुग्घुसजवळच्या आमच्या फायर स्टेशनात तो बारा वर्षं माझ्यासोबत होता. तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटायला पहिला, गाडीत चढायलाही पहिला.

आग विझवून आलो की आमचं ठरलेलं.
पाईप धुवायचे, वाळत टांगायचे, चहा प्यायचा, मस्करी करायची.
तिथं काय पाहिलं, ते बोलायचं नाही. बोलला त्याची खैर नाही.

एकदा जळत्या घरातून दिलीपने एका म्हातारीला बाहेर आणलं. ती त्याच्या हातातच गेली.
त्या दिवशीही आम्ही चहा प्यायलो.

पुढे ट्रेनिंगला एक डॉक्टर मॅडम आल्या. म्हणाल्या, बाकी नोकरदारांपेक्षा तुमच्या कामात जीव नकोसा वाटण्याचा धोका जास्त असू शकतो.
आम्ही मागे बसून खिदळत होतो.

दिलीपने हात वर केला.
"मॅडम, झोप परत कधी येते जी?"

मी ओरडलो, "काऊन बे, ड्युटीवर तं मस्त घोरतं ना तू!"

सगळा हॉल हसला. तोही हसला, आणि हात खाली घेतला.

आत्महत्येचं कारण कधी एकच नसतं, हे तो गेल्यावर मॅडमनी मला समजावलं. पण त्याने विचारलं होतं, आणि मी उत्तर येऊ दिलं नाही.

गेल्या आठवड्यात असेच पाईप टांगून बसलो होतो. आमचे ड्रायव्हर सलीमभाई, रिटायरमेंटला आलेला माणूस, कप हातात धरून म्हणाले,
"मले बी झोप नाई येऊन राह्यली यार. दोन महिने झाले."

कोणी हसलं नाही, दिलीप.
चहा गार झाला तरी कोणी उठलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना गाडीवर बसवून त्याच मॅडमकडे नेलं. दारापाशी ते थबकले, तर हात धरून आत घेऊन गेलो.

मित्रांनो, जीव नकोसा वाटत असेल तर सांगा. मला सांगा, घरी सांगा, डॉक्टरला सांगा.
आणि कोणी सांगितलं, तर हसू नका.

दिलीप, तो हात आधी तुझा धरायचा होता.
मले माफ कर, भाऊ. साऱ्या स्टेशनाची तुले श्रद्धांजली.