हिरवं होईपर्यंत

आमची मुलगी अडीच वर्षांची होती तेव्हा सोसायटीच्या पाण्याची मोटर सुरू झाली की उठायची. मोटर अंधारातच सुरू होते. तिची घरघर भिंतीतून आमच्या मजल्यापर्यंत पोचली की पलीकडच्या खोलीतून हाक यायची, "आई!" आणि मी छताकडे बघत पडून राहायची.

माझ्या माहेरी हाकेला ओ देणं हा नियम होता. हातात काहीही असो, कुणी हाक मारली की आधी "ओ" म्हणायचं, बाकीचं नंतर. ओ न देणाऱ्या माणसाला माझी आई दगड म्हणते. त्या हिवाळ्यात मी दगड होते. हाक ऐकू यायची, कळायची, आणि आत काहीच हलायचं नाही. राग नाही, कंटाळा नाही, माया तर नाहीच. तिने बराच घसा फोडल्यावर उठायची, तिला उचलायची, दूध गरम करायची, तिच्या केसांवरून हात फिरवायची. हात अगदी बरोबर फिरायचा. वाटायचं काही नाही.

हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. सांगणार तरी काय? मुलगी गोड आहे, नवरा भला आहे, नोकरी सरकारी आहे, आणि मला काही वाटत नाही. लोक म्हणाले असते, हिला सुख टोचतंय. मी मनाशी ठरवून टाकलं होतं की हा सगळा झोपेचा प्रश्न आहे. झोप पुरी झाली की माया आपली आपण परत येईल. नाही आली, तर एक दिवस मुलीला हे कळेल. तेवढी एक भीती मात्र शाबूत होती.

ऑफिसमधल्या मैत्रिणीने लहान मुलांचं घड्याळ सुचवलं. त्याला काटे नसतात. रात्रभर त्यात लाल दिवा असतो आणि आपण ठरवू त्या वेळेला तो हिरवा होतो. लाल असेल तर पडून राहायचं, हिरवा झाला की उठायचं. मुलं शिकतात म्हणे. मी जेवणाच्या सुट्टीत डबा बाजूला सारून फोनवर घड्याळं बघायला लागले. एक ससा होता, उठायच्या वेळी त्याचे कान वर व्हायचे, पण कान वर होताना आवाज करतात अशी तक्रार होती. एक मेंढी डोळे मिटायची, ती झोपलेली कमी आणि मेलेली जास्त वाटत होती. एक फोनला जोडायचं होतं. आमच्या घरात फोनला जोडलेली माणसंच दोन होती, ती पुरे होती.

शनिवारी मेट्रोने दिल्लीला करोल बागेत गेले. घड्याळांच्या दुकानातल्या सरदारजींनी माझं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मैडम, अलार्म जगाने के लिए होता है. सुलाने वाला अलार्म पहली बार सुन रहा हूँ." मग जरा विचार करून म्हणाले, "बच्ची सुबह उठती है तो शुक्र करो जी. हमारे साहबज़ादे की शादी की उम्र हो गई, दोपहर में उठते हैं." एरवी मी हसले असते. तेव्हा मी "अच्छा" म्हटलं आणि परत आले.

शेवटी फोनवरच मागवलं. साधं, गोल, टिकटिक न करणारं, आणि आत बॅटरी असलेलं. ही बॅटरी फार महत्त्वाची होती. आमच्याकडे नोएडात वीज गेली की जनरेटर सुरू होईपर्यंत सगळं क्षणभर बंद पडतं, आणि स्वस्त घड्याळं तेवढ्या क्षणात सगळं विसरतात. मी ते कुठं बनतं, दिवा किती मंद होतो, प्लास्टिकला वास येतो का, हे सगळं वाचून काढलं. नवरा म्हणाला, "यार, घड्याळ घेतेयस की जावई बघतेयस?" अमरावतीहून आई फोनवर म्हणाली, "कोंबडं झाकून ठेवलं म्हणून उजाडायचं राहतं का गं? पोर मोठी होईल, मग उठवता उठणार नाही." मी बरं म्हटलं. मला त्या दिवसांत सगळ्यालाच बरं म्हणता यायचं.

घड्याळ मुलीच्या खोलीत स्टुलावर ठेवलं, हवा शुद्ध करणाऱ्या प्युरिफायरच्या शेजारी. दिवाळीनंतर दिल्ली-नोएडात तो दिवसरात्र चालतो. हवा वाईट असली की त्याच्यावरही लाल दिवा असतो, सुधारली की हिरवा. प्युरिफायर लाल असेल तर बाल्कनीचं दार उघडायचं नाही, हा नवऱ्याचा नियम. मुलीला बाल्कनीतली कबुतरं फार आवडायची, त्यामुळे हा नियम तिने बोलायला लागल्या लागल्या पाठ केला होता. त्यातून त्या वर्षी फिल्टर बदलायचा राहून गेला होता. रोज ठरवायची, रोज राहायचं. प्युरिफायर आपला लालच.

संध्याकाळी मी तिला मांडीवर घेऊन समजावलं. "हिरवं झालं की उठायचं. लाल असेल तर गप पडून राहायचं. आईला हाक मारायची नाही." तिने स्टुलाकडे बघून मान डोलावली. शहाणं बाळ, मी म्हटलं.

आणि काय सांगू, जमलं! पहिले दोन दिवस थोडी कुरकुर झाली, मग मोटरचा आवाज आला तरी हाक येईना. घड्याळ हिरवं होऊन जायचं तरी खोलीत शांतता. कामवाल्या दीदीने बेल वाजवली की मी उठून आत जायची, तर ही डोळे उघडे ठेवून पडलेली. आत्ताच जाग आली असेल, मी म्हणायची. नवरा म्हणाला, "बिल्कुल पैसा वसूल." मैत्रिणीला मी मिठाई दिली.

मी झोपले. पोटभर झोपले, डोळ्यांखालची काळी वर्तुळं गेली. पण जे यायचं होतं ते काही आलं नाही. मुलगी गळ्यात पडली की मी तिच्या पाठीवर थोपटायची, आणि मनात दुपारच्या मीटिंगचा विचार चाललेला असायचा.

झोप साचली की माणूस आपसूक लवकर उठतो. तसंच एका सकाळी झालं. दीदी यायला बराच वेळ होता, घर गार पडलं होतं. पाणी प्यायला उठले आणि जाता जाता मुलीच्या खोलीचं दार ढकललं.

ती पलंगावर बसली होती. रजई खांद्यांभोवती ओढून, पाय पोटाशी घेऊन, स्टुलाकडे बघत. घड्याळ हिरवं होतं. शेजारचा प्युरिफायर लाल होता. मला बघून तिने ओठांवर बोट ठेवलं.

"शू. अभी लाल है."

मी तिच्याजवळ बसले. पाय बर्फासारखे गार पडले होते तिचे. "कधी उठलीस?"

"मोटर आली ना, तेव्हा."

मोटर केव्हाच बंद झाली होती. "मग मला हाक का नाही मारलीस?"

तिने स्टुलाकडे बोट केलं. "हे झालं हिरवं. ते नाही झालं. ते झालं की मारणार."

त्या जुन्या फिल्टरवर प्युरिफायर होळीपर्यंत हिरवा झाला नसता. तोवर ती रोज अशीच अंधारात तोंड मिटून बसली असती, आणि मी भिंतीपलीकडे घोरत पडले असते. घड्याळ घेताना मी विजेचा विचार केला होता, हवेचा केला नव्हता. पण खरं म्हणजे मला तेव्हा घड्याळाचं काही नव्हतं. मला दुखत होतं. छातीत, नीट, जागेवर दुखत होतं. किती महिन्यांनी काहीतरी दुखलं होतं. मी तिचे पाय दोन्ही हातांत धरले आणि ते गरम होईपर्यंत सोडले नाहीत.

"आता मार हाक," मी म्हटलं.

"लाल आहे तरी?"

"लाल असलं तरी."

तिने प्युरिफायरकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी समोरच बसलेली, तरी तिने हळूच, चोरून मारावी तशी हाक मारली, "आई."

"ओ," मी म्हटलं.

खरंच चालतंय का ते बघायला तिने पुन्हा हाक मारली, आणि मी पुन्हा ओ दिली.