पाठ टेकल्यावर

माझे वडील खानदेशातल्या आखाड्यात तयार झालेले. माझ्या मुलीला त्यांनी लहानपणापासून शिकवलं, की पडलीस तर चटकन पालथी हो, पाठ मातीला लागू देऊ नकोस. कुस्तीत ते बरोबरच आहे. पण ती इथे शहरात, आमच्या लिंबायत वस्तीत ज्युदो खेळते. जिल्हा निवडीत दोनदा ती पडली, पालथी झाली आणि मागून गळ्याचा डाव बसून हरली. यंदा तिच्या वयोगटातली शेवटची संधी होती.

तिचे सर म्हणाले, “भाई, सामनेवाली नहीं, दादाजी की कुस्ती इसको हरा रही है.”

त्यांनी सांगितलं, की ज्युदोतलं जमिनीवरचं लढणं जपानच्या जुजुत्सू या जुन्या युद्धकलेच्या घराण्यांतून आलंय. सुरुवातीचे ज्युदोवाले फेकण्यात पटाईत होते. एका घराण्याचे लोक मात्र त्यांच्यासमोर स्वतःच आडवे व्हायचे आणि खालून जिंकायचे. मग ज्युदोनेही ते शिकून घेतलं. मी हिशेबाचं काम करणारा माणूस, म्हणून पडताळून पाहिलं. कोण कधी हरलं यावर एकमत नाही. पण दाबून धरणं, हात अडकवणं, गळा आवळणं हे ज्युदोपेक्षा जुनं, यावर वाद दिसला नाही. मला तेवढं पुरेसं होतं.

सचिनच्या औद्योगिक वसाहतीतून, कामावरून आलो की हॉलमध्ये गादी टाकायची. मुलगी खाली, पाठीवर. मी वर. माझं वजन ब्याऐंशी, तिचं बावन्न. ती माझ्या कमरेला पाय लावून मला अडवायची.

वडील खाटेवरून म्हणायचे, “पडीसन लढतस. हाऊ कसाना खेळ?”

“आजोबा, तुम्ही या ना वर,” ती म्हणायची. “पप्पा दमले.”

निवडीच्या दिवशी ती पहिल्याच मिनिटाला पडली, पण कुशीवर. अर्धा गुण गेला, लढत चालू राहिली. “पालथी हो” माझ्याही ओठांवर आलं होतं. ती पाठीवरच थांबली. समोरची अंगावर आली, तेव्हा तिने पाय मध्ये घातले, बाही धरली, तिला पाठीवर उलथवलं आणि वर चढून दाबून धरलं. वीस सेकंद धरून ठेवलं की जिंकलं; पंचांचा हात वर होईपर्यंत मी आकडे मोजत होतो. संघात तिची जागा पक्की झाली.

वडील शेजारीच बसले होते. ती आली तेव्हा म्हणाले, “पाठ तं लागनी व्हती तुनी.”

“लागली होती,” ती कमरेचा पट्टा नीट करत म्हणाली. “मग उठले ना.”