दिवाळं कंपनीचं, माणूस आमचा

माझी थोरली जाऊ शाळेची बस चालवते. मागच्या सीटवर मारामारी जुंपली की ती आरशात न बघताच ओरडते आणि अख्खी बस चिडीचूप होते. पूर्वी तिचा आवाज मोठा होता, एवढंच. राग नंतर आला.

भाऊजी, म्हणजे तिचा नवरा, स्वयंपाकाच्या ओट्यांचे दगड कापायचे. पाणी सोडून कापलं तर धूळ उडत नाही. पण ओला दगड वाळेपर्यंत थांबावं लागतं, म्हणून मालकानं पाणीच बंद ठेवलेलं. संध्याकाळी भाऊजींच्या भुवयासुद्धा पांढऱ्या असायच्या. "आला बघ आमचा म्हातारा!" ती चिडवायची. मग खोकला लागला, मग जिना चढवेना. डॉक्टर म्हणाले, फुप्फुसात दगडाची भुकटी बसलीय, ती आता निघायची नाही. लेक नुकती नोकरीला लागली होती. तिचा पहिला पगार बघायला भाऊजी राहिले नाहीत.

जावेनं कंपनीवर दावा लावला. सुनावणी तोंडावर आली आणि कंपनीनं दिवाळं जाहीर केलं.

"म्हणजे आता काय?" तिनं वकीलबाईंना विचारलं.

"दावा आहे तिथेच थांबला. आता तुम्ही घेणेकऱ्यांच्या रांगेत. मशिनं बँकेकडे गहाण आहेत, तेव्हा आधी बँक. उरलं तर तुम्हाला."

"आणि नाही उरलं तर?"

वकीलबाईंनी फाईल मिटली.

घेणेकऱ्यांच्या बैठकीला मीही गेले. बँकेचे लोक, ब्लेड पुरवणारा, ट्रकवाला, सगळे चहा पीत बसलेले. दिवाळ्याचा हिशोब बघणाऱ्या अधिकाऱ्यानं मान वर न करताच विचारलं, "तुम्ही काय पुरवलं होतं कंपनीला?"

"नवरा," ती म्हणाली.

कप हातातच राहिले. बाहेर पडताना मालक आडवा आला. "वहिनी, माझंही सगळं गेलं हो."

"तुमचं दुकान बुडालं, माझा माणूस मेला. दोन्ही एका तोंडानं बोलू नका!"

मग वकीलबाईंनी वाट काढली. कंपनी बुडाली तरी भाऊजी धूळ खात होते त्या वर्षांचा कामगारांचा विमा बुडाला नव्हता. कोर्टानं विम्याच्या रकमेपुरता दावा चालवायला परवानगी दिली. लगेच विम्याचा माणूस गोड बोलत घरी आला. "ताई, निम्मी रक्कम लगेच देतो. फक्त लिहून द्या, की ते सिगारेट ओढायचे."

भाऊजींनी जन्मात सिगारेटला हात लावला नव्हता.

"मेलेल्या माणसाला व्यसन लावता? निघा!" तिनं दार असं आपटलं, की वरच्या मजल्यावरचे खाली बघायला आले.

शेवटी निकाल लागला. मृत्यू धुळीनंच झाला, असं कोर्टानं म्हटलं. विम्याच्या पैशांतून दवाखान्याची उधारी फिटली. बाकीची भरपाई कंपनीनं द्यायची होती, आणि कंपनीत आता खडकूही नव्हता. बँकेनं लिलावात काढलेली मशिनं मात्र मालकाच्या मेहुण्यानं स्वस्तात उचलली. शेड तीच, पाटी नवी. मेहुण्यावर ना कर्ज, ना दावा. मालक रोज तिथेच बसतो, 'सल्लागार' म्हणून.

तिथे अजूनही पाणी बंद ठेवूनच दगड कापतात, अशी तक्रार जावेनं कारखाना निरीक्षकाकडे केली. तो म्हणाला, "बघतो."

"कधी? पुढचा मेल्यावर?"

निरीक्षक अजून शेडकडे फिरकलेला नाही. ती मात्र पोरांना शाळेत सोडलं की दर सोमवारी त्याच्या टेबलासमोर जाऊन उभी राहते. बसा म्हटलं तरी बसत नाही.