मोठ्या कॅमेऱ्यात मी धुरकट

मंडळी, छोटा कॉम्पॅक्ट घेऊ की मोठा कॅमेरा, असं मला सारखं विचारता ना? मग आजचं ऐका.

सकाळी गोराई जेटीवर बगळ्याचे फोटो काढत होते. पीस न् पीस दिसतंय, एकदम झकास! वाटलं, आज आपलाही एक होऊन जाऊ दे. बोटीची वाट बघणाऱ्या मासळीवाल्या मावशींच्या हातात कॅमेरा दिला.

"एकटीच आलीस गं?" म्हणत त्यांनी पदराला हात पुसले आणि हौसेने चार फोटो काढले.

घरी येऊन बघते तर सगळ्यांची वाट लागलेली. मागचा बगळा लख्ख, मी धुरकट. फोकस मी मागच्या वेगळ्या बटणावर ठेवलाय, ते आधी दाबलं नाही तर फोकस बगळ्यावरच राहतो, हे त्यांना सांगायचं डोक्यातच आलं नाही. येणार कसं? हा कॅमेरा माझ्याशिवाय कुणी हातात घेतलाच नव्हता.

जुना कॉम्पॅक्ट आई चालवायची. एक बटण दाबलं की झालं. कधी पाय कापायची, पण माझा चेहरा लख्ख यायचा. ती गेल्यापासून तो कपाटात पडून आहे.

फोटो चांगले हवेत तर मोठाच घ्या. फक्त एवढं सांगा, तुमचा शेवटचा फोटो कुणी काढला?