पार्ल्याची सोप्रानो

तमाम संगीतप्रेमी जनतेस कळविण्यास अत्यंत दुःख होते की, मुंबईच्या उपनगरांत उदयास आलेली, तीनशे वर्षांपूर्वीचे विलायती संगीत गाणारी पहिली आणि बहुधा शेवटची मराठी सोप्रानो वयाच्या एकोणिसाव्या वर्षी निवृत्त झाली. तिच्या कारकिर्दीत कार्यक्रम झाला एक. श्रोत्यांनी तो मान खाली घालून ऐकला. रसिकांनी दुखवट्याच्या सभा भरवू नयेत, घरच्या घरीच शोक करावा.

ती सोप्रानो म्हणजे मी. आता मुलुंडला तिसऱ्या मजल्यावर राहते आणि खाली भाजीवाल्याला हाक मारली की त्याचा बैलसुद्धा थांबतो. एवढ्यावरून आवाजाची कल्पना यावी.

सोप्रानो म्हणजे बायकांच्या आवाजातली सगळ्यात वरची पट्टी. ती माझ्या गळ्यात आहे हे पार्ल्यात कुणाला कळणार? वडिलांनी मला लहानपणी गाण्याच्या क्लासला घातलं. मास्तरांनी महिनाभर ऐकलं आणि वडिलांना बोलावून घेतलं.

"आवाज आहे, पण सुईसारखा. वर कितीही जातो. खाली उतरला की उंदीर बिळात शिरावा तसा दिसेनासा होतो. आणि हलत नाही हो! मुलीला जरा कंप नको का?"

वडील फार खट्टू झाले, कारण ते पार्ल्यातले नामांकित श्रोते होते. गवई नामांकित असतात तसे श्रोतेही असतात. संगीत मंडळाच्या बैठकीत जाजमावर पहिल्या ओळीत त्यांची जागा ठरलेली. तान समेवर आली की त्यांच्या पोटातून "वाऽऽ" निघायचा, आणि तो ऐकून मागची माणसं ठरवायची, की हे चांगलं होतं.

इंग्रजी सुधारावं म्हणून त्यांनीच मला अंधेरीच्या नन्सच्या शाळेत घातलं. तिथे गाणं शिकवणारी एक म्हातारी सिस्टर होती. ती युरोपातल्या कुठल्या देशाची ते आम्हाला कधीच नीट उमगलं नाही. सकाळच्या प्रार्थनेत तिने माझा आवाज ऐकला आणि मला कानाला धरून पेटीपाशी नेलं. मला वाटलं, आता मार. पण तिने एकेक स्वर वाजवला, मी गात गेले, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिचं म्हणणं असं, की हल्लीचे विलायती गवई थिएटर भरण्यासाठी आवाज मोठा करतात आणि हलवतात. जुनी गाणी दगडी चर्चसाठी रचलेली. तिथे आवाज बारीक आणि सरळ हवा, दोऱ्यासारखा. बाकीचं काम भिंती करतात. ज्या सुईपायी मास्तरांनी कपाळाला हात लावला होता, तीच सुई ही बाई वर्षानुवर्षं शोधत होती!

मग सात-आठ वर्षं शिकले. शाळा संपली, कॉलेज सुरू झालं, तरी दर शनिवारी सिस्टरकडे जायचे. घरी आमटीला फोडणी बसत असायची आणि मी न्हाणीघरात लॅटिन गायचे. न्हाणीघराच्या भिंती दगडी होत्या ना! वाड्यातल्या बायका आईला विचारायच्या, "पोरगी कुठला मंत्र म्हणते गं? लग्नासाठी का?"

अशात एक इंग्रज संगीतकार मुंबईत आला. ही जुनी गाणी जुन्याच रीतीने गाणारा एक लहानसा संच त्याने आपल्या देशात उभा केला होता. सिस्टरने त्याला माझं गाणं ऐकवलं. दोन वर्षं शिकायला आणि संचात गायला तो मला घेऊन जायला तयार झाला. खर्च त्यांचा. फक्त वडिलांचा होकार हवा.

आत्या म्हणाली, "बाटवतील." वडिलांनी तिला गप्प केलं. त्यांचं म्हणणं वेगळंच होतं.

"धर्माचं मला सांगू नका. गाणं खरं आहे का, एवढंच मी बघणार. खरं गाणं असलं की ऐकणाऱ्याच्या तोंडून दाद आपोआप निघते. मला त्यातलं कळत नाही, पण ज्यांना कळतं त्यांच्याकडे मी बघेन. त्यांनी दाद दिली की तू चाललीस विलायतेला. माझा शब्द."

मी तर तेव्हाच बॅग भरायला घेणार होते.

अंधेरीच्या गावठाणातल्या चर्चमध्ये ईस्टरच्या आधीच्या उपासाच्या दिवसांत एका संध्याकाळी स्तोत्रांचा कार्यक्रम असायचा. त्यात मी गायचं ठरलं, आणि इंग्रजही ऐकायला येणार होता. तिथले फादर गोराईकडचे. त्यांचं मराठी ऐकून वडील पहिल्या भेटीतच खूश झाले होते. हिंदू मुलीने चर्चमध्ये गावं का, हा प्रश्न फादरनी चुटकीसरशी सोडवला. "गाणारी माणसं मागं वर माळ्यावर असतात. खालून कुणाला दिसतंय?"

वडील आले ते कडक इस्त्रीचं धोतर आणि कोट घालून. बरोबर मंडळातले दोघे रसिक आणि आई. बायकांनी डोकी झाकलेली पाहून आईने पदर घेतला आणि बायकांच्या बाजूला जाऊन बसली. दारात फादरनी हळूच सांगितलं, "साहेब, इथं टाळ्या वाजवत नाहीत हां."

"छे छे!" वडील म्हणाले. "टाळ्या नाटकात. आम्ही काय पिटातले वाटलो?"

माळ्याच्या कठड्याच्या फटीतून मला सगळं दिसत होतं. साथीला काही नाही, कारण उपासाच्या दिवसांत वाद्यं बंद. वडील शेजाऱ्याला म्हणाले ते वरपर्यंत ऐकू आलं. "तंबोरासुद्धा नाही? पोरीने स्वर कुठून घ्यायचा?"

मी स्वर घेतला. कुठून ते मलाही माहीत नाही. तो गेला तो थेट समोरच्या भिंतीवर, आणि तिथून सगळीकडून परत आला. सात वर्षं न्हाणीघरात गायलेल्या मुलीला अख्खं चर्च मिळालं होतं! मी गात होते की भिंती गात होत्या कुणास ठाऊक. आयुष्यात तेवढं एकदाच मी जशी आहे तशी पुरेशी होते. खालपर्यंत उतरायला कुणी सांगत नव्हतं.

आणि खाली? माझ्याकडे सगळ्यांच्या पाठी. माना खाली, डोळे मिटलेले. सबंध चर्चमध्ये एकच माणूस उलटा वळून, बाकावर गुडघा टेकून बसला होता, तो म्हणजे माझे वडील. गाणाऱ्याकडे पाठ करून बसायचं, हे त्यांना जन्मात जमलं नसतं. पण ते माझ्याकडे बघत नव्हते. जाणकारांचे चेहरे धुंडाळत होते. एकेक ओळ संपली की आशेने इकडे बघत, तिकडे बघत. कुणी डोलेना, कुणी मांडीवर बोट आपटेना. इंग्रज तर पुतळा! शेवटचा स्वर विरला, तेव्हा एक म्हातारी खोकली. मग सगळे उठले आणि काही न बोलता बाहेर पडले.

घरी आल्यावर वडिलांनी कोट खुंटीला लावला. मग त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. ओरडले असते तर मी भांडले असते हो!

"पोरी, तुझी मेहनत दिसली. पण परक्या मुलखात, असल्या थंड माणसांपुढे तू जन्मभर गाणार? मी बाप आहे. मला बघवलं नाही."

"अण्णा, त्यांच्यात बोलत नाहीत. चर्च आहे ते!"

"टाळ्या नाहीत, ते मला सांगितलं होतं. पण दाद? ती काय कुणाच्या परवानगीने येते?"

दुसऱ्या दिवशी फादर इंग्रजाला घेऊन घरी आले. इंग्रज घडाघडा बोलला. फादरनी मराठीत सांगितलं, "साहेब, हा म्हणतो, गाणं झाल्यावर ह्याला बोलता येईना. बाहेर जाऊन भिंतीला टेकून उभा राहिला."

"बोलता येईना? मग डोलायचं तरी!"

"अहो, आमच्यात गप्प बसणं हीच दाद."

"गप्प बसणं ही दाद?" वडील म्हणाले. "मग आमच्या ऑफिसात मला ती रोज मिळते."

दोघांना त्यांनी पोहे खाऊ घातले, दारापर्यंत पोचवलं, आणि मला म्हणाले, "सभ्य माणसं आहेत. तोंडावर वाईट कशी बोलतील?" माझे वडील वाईट असते तर ही गोष्ट किती सोपी झाली असती! स्वतःच्या नियमाला प्रामाणिक राहून त्यांनी मला घरी ठेवलं.

पुढच्या महिन्यात फादर पुन्हा आले, एकटेच. वांद्र्याच्या एका मुलीला घेऊन इंग्रज परवाच्या बोटीने गेला, म्हणाले. तिचा आवाज बरा आहे, म्हणाले, आणि माझ्याकडे बघायचं त्यांनी टाळलं. वडिलांनी मान हलवली. "देव तिचं भलं करो. तिला तरी त्या लोकांनी एक 'वा' म्हणावं." मी खिडकीशी उभी होते. आई चहाचा ट्रे घेऊन स्वयंपाकघरातून आली होती, ती दारातच थांबली. तिने ट्रे तिथेच जमिनीवर ठेवला आणि फादरच्या देखत मोठ्याने बोलून गेली, "अहो, मला तर तिथे रडू आवरत नव्हतं! पण तुम्ही एवढे जाणते सगळे गप्प, मग मी एकटीच कशी 'वा' म्हणू?"