मागीलदारची कळलावी

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. सख्ख्या भावाला नाही. देवापुढे बसून मनातल्या मनातसुद्धा नाही — तिथेही मी भलतंच काहीतरी बोलून उठते. आता साठी उलटली, अंगणवाडीचं काम सुटलं, दुपारभर घरात मी एकटी असते. लपवून ठेवण्याचाही माणसाला शीण येतो. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगते.

आधी कळलावीबद्दल. नाही, विषय टाळत नाहीये — म्हणजे टाळतेच आहे, पण तिच्यावाचून हे सांगता येणार नाही.

पावसाळ्यात आमच्याकडे दगडी कुंपणांवर, गडग्यागडग्यावर ही वेल दिसायची. पानाचं टोक पुढे जाऊन तारेसारखं वळतं आणि सापडेल ते धरून वर चढतं. फुलं आधी हिरवट, मग पिवळी, मग जाळासारखी लाल. गौर आणताना तेरड्याबरोबर हीही लागतात. गौरीचे हात म्हणतात त्यांना. तेवढे दिवस सोडले तर कुणी तिला घराजवळ लावत नाही. दारात लावली की घरात भांडणं लागतात म्हणे. आणि कंद विषारी. जुन्या बायका अडलेल्या बाळंतिणीला त्याचं काहीबाही करायच्या, असं ऐकलेलं. नको असलेला गर्भ पाडायलाही वापरतात, असं हळू आवाजात म्हणायच्या. खरं-खोटं कुणी पाहिलेलं नव्हतं. पण गावात प्रत्येक बाईला हे ठाऊक होतं, आणि मलाही.

आमच्या मागीलदारी ती लावली सुनंदाने. माझ्या भावाच्या बायकोने.

भाऊ विजय माझ्यापेक्षा चौदा वर्षांनी लहान. आईवडील गेले तेव्हा तो शाळेत होता. त्याला मी वाढवलं. माझं लग्न राहून गेलं — ते त्याच्यामुळे राहिलं असं मी पुष्कळदा लोकांना सांगितलं, पण तेही धड खरं नाही. तो मुंबईला नोकरीला लागला, उशिरा लग्न केलं. तिथली खोली चार जणांत, म्हणून सुनंदा गावाला माझ्याजवळ राहिली. चिपळूणची मुलगी. बारीक अंगाची, कामाला चलाख, आणि बोलायला गोड. मला पहिल्या दिवसापासून आक्का म्हणायची आणि कुठलीही गोष्ट विचारल्याशिवाय करायची नाही. वाईट असती तर सोपं गेलं असतं.

हातखंब्याला हायवे रुंद करायचं काम चाललं होतं. एकदा रत्नागिरीहून येताना ही तिथे उतरली आणि यंत्राने उकरलेल्या मातीतून कंद वेचून ओढणीत बांधून घेऊन आली. नांगरासारखे वाकडे, पिवळसर कंद. मी म्हटलं, "अगो, ही कसली अवदसा आणलीस घरात?" ती हसली. "आक्का, रस्त्याखाली मेली असती. मागे लावते, गडग्याच्या पलीकडे. घरात भांडण झालं तर माझ्यावर घाला."

तिने कशी लावली ते मी रोज पाहत होते. उताराची जागा निवडली, पाणी साचलं की कंद कुजतो म्हणून. मातीत जांभ्या दगडाचा चुरा मिसळला. कंद आडवा ठेवायचा, आणि टोकाला जपायचं — कोंब तिथेच असतो, ते टोक मोडलं की संपलं. हातात प्लास्टिकची पिशवी घालूनच कंद धरायची आणि नंतर साबणाने कोपरापर्यंत हात धुवायची. वेलींना चढायला शिरड्या, म्हणजे बारीक वाळक्या फांद्या, रोवल्या. फुलं आल्यावर सकाळी काडीला कापूस गुंडाळून एका फुलातली पूड दुसऱ्याला लावायची, म्हणजे शेंगा धरतात. बियांपासून रोप केलं तर फूल यायला तीन-चार वर्षं जातात. ती म्हणायची, "जाऊ देत, कुठे घाई आहे?" संध्याकाळी विजयचा फोन आला की त्याला हेच सगळं सांगत बसायची.

फोन पूर्वी मला यायचा.

झालं, एवढंच. ह्याहून मोठं कारण मी इतकी वर्षं शोधते आहे, सापडत नाही. तिने माझा अपमान केला नाही, स्वयंपाकघर हिसकावलं नाही. फक्त फोन आधी तिला येऊ लागला आणि मग, "आक्काला दे जरा." जरा! ज्याची दप्तरं मी शिवली, त्याला माझ्याशी जरा बोलायचं होतं.

लग्नानंतर तिसऱ्या वर्षी तिला दिवस गेले. मी तिचं केलं, ते मनापासून केलं — एवढं तरी खोटं नव्हतं. चौथा महिना लागला आणि एका सकाळी तिला रक्त जायला लागलं. शेजारच्यांच्या रिक्षातून रत्नागिरीला नेलं. मूल राहिलं नाही. डॉक्टरीणबाईंनी मला बाहेर बोलावून सांगितलं की असं पुष्कळांचं होतं, कुणाची चूक नसते, तिला एकटं वाटू देऊ नका. हे शब्द मी स्वतः ऐकले. दुसऱ्या कुणी ऐकले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी विजय आला. सुनंदा अजून दवाखान्यातच होती. तो थेट तिच्याकडे जाऊन, तिला भेटून घरी कपडे न्यायला आला होता. पडवीत बसला. चहा दिला तो तसाच ठेवला. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "आक्का, असं कसं झालं गो?"

त्याला उत्तर नको होतं. दुःखात माणूस असं विचारतोच. मी नुसती त्याच्या पाठीवरून हात फिरवला असता तरी पुरे होतं. पण मी काय केलं?

मी म्हटलं, "मी काय सांगू? दोन दिवसांपूर्वी मागीलदारी सहाणेवर काहीतरी उगाळत होती."

"काय उगाळत होती?"

आणि मी म्हटलं, "कंद."

आता ऐका. ती उगाळत होती, हे खरं. मी पाहिलं, हेही खरं. पण सहाणेवर होती ती सुंठ. तिचं डोकं दुखत होतं, कपाळावर लेप लावायला. आणि ती सुंठ फळीवरच्या डब्यातून काढून मीच तिच्या हातात दिली होती. मीच म्हटलं होतं, मागे उजेडात बस, इथे धूर आहे.

एक शब्द बदलला मी. तो तोंडातून जाताना मला पुरता कळत होता — चुकून गेला, रागात गेला, असं मी तुम्हाला सांगणार नाही. विजयचं तोंड पांढरं पडलं. आणि ते बघताना मला — हेही सांगून टाकते — मला बरं वाटलं. तो पुन्हा माझ्याजवळ येऊन बसला होता.

त्याने तिला काही विचारलं नाही. भांडला असता तर ती बोलली असती आणि तिथल्या तिथे उलगडा झाला असता. पण तो आमच्या वडिलांसारखा — आत ओढून घेणारा. दवाखान्यातून तिला परस्पर चिपळूणला माहेरी सोडून आला. विश्रांती घे म्हणाला. मग न्यायला गेला नाही. महिना, दोन महिने. ती फोन करायची, हा उचलायचा नाही. शेवटी एकदा उचलला आणि जे मनात होतं ते बोलून टाकलं. ती म्हणाली, "सुंठ होती. आक्कांनीच दिली होती. त्यांना विचारा."

आणि त्याने विचारलं. हेच मला सगळ्यात जास्त छळतं. ते दारही माझ्यासाठी उघडलं होतं. पडवीतला तो शब्द एका क्षणाचा होता म्हणावं, तर ह्या वेळी मला भरपूर वेळ होता. फोनवर त्याचा श्वास ऐकू येत होता. त्याला मी "हो" म्हणायला हवं होतं. अहो, त्याच्या आवाजात आशा होती! "आक्का, सुंठ तू दिली होतीस का?"

मी म्हटलं, "मी? मला नाही बाबा आठवत."

मग कागद झाले, सह्या झाल्या, लग्न मोडलं. तिचे वडील ट्रंक न्यायला आले, पाणीसुद्धा घेतलं नाही. जाताना मला हात जोडले. का जोडले असतील? मी सबंध दुपार तो विचार करत बसले होते, आणि आजही करते. विजयने दुसरं लग्न केलं नाही. गणपतीला येतो, पाच दिवस राहतो, खाली मान घालून जेवतो. फोन मलाच करतो आता, रविवारी. काय जेवलीस, पाऊस आहे का. संपलं. मला जे हवं होतं ते मला मिळालं आहे.

सुनंदा गेली त्या वर्षी तो म्हणाला होता, ती वेल उपटून टाक. मी हो म्हटलं आणि गेले कुदळ घेऊन. पण कंद काढले ते फेकले नाहीत. गोठ्यामागे, त्याला दिसणार नाही अशा उतारावर लावले. तिने लावले होते तसेच, आडवे, टोकं सांभाळून. का लावले, मला सांगता येत नाही. पश्चात्ताप होता म्हणावं तर फोन माझ्या हाताशीच होता. तिचा नंबर मला पाठ होता.

नऊ वर्षं मी ती वेल करते आहे. शिरड्या रोवते, काडीला कापूस गुंडाळते, पाऊस संपून पानं वाळली की पाणी तोडते आणि जागेवर झाडांखालच्या सुक्या पानांचा पातेरा पसरते. प्रेमाने करते असं नाही. सवयीने करते, कंटाळून करते, वाकताना कंबर धरून करते. तिच्या बियांची रोपं तीन वर्षांनी फुलली तेव्हा मी फुलांकडे पाठ करून बसले होते.

मग ही वेल माझ्याकडे आहे हे लोकांना कळलं. आता गडग्यावर कळलावी राहिली नाही — औषधासाठी कंद उकरून नेले, उरलेली रस्त्यात गेली. चिपळूणचे एक मास्तर मुलांना घेऊन बघायला आले, फोटो काढले. मला विचारलं, "आक्का, हे सगळं शिकलात कुठे?" मी म्हटलं, "शिकायचं काय त्यात? बघून बघून येतं." तेही खरंच होतं, नाही का? मी खोटं बोलते ते असंच, खऱ्याला लागून.

गेल्या मार्गशीर्षात त्यांनी बिया मागितल्या म्हणून मी चिपळूणला गेले. एसटी स्टँडवर उतरले, बाकावर टेकले, आणि कुणीतरी हाक मारली, "आक्का?"

सुनंदा. केस पिकलेत, चष्मा लागलाय. एका रोपवाटिकेत कामाला जाते म्हणाली. माझ्या पाया पडायला वाकली. मी पाय मागे घेतले. विजयचं तिने विचारलं नाही. गुडघ्यांचं विचारलं. मग म्हणाली, "आक्का, मागची कळलावी आहे का हो अजून? मी इथे केली होती, पण पुरात सगळी वाहून गेली. दोन कंद मिळाले असते तर..."

माझ्या मांडीवर पिशवी होती. पिशवीत बियांची पुडी होती. घरी गोठ्यामागे मातीखाली चाळीसेक कंद झोपलेले होते, सगळे तिचे.

मी म्हटलं, "मेली गो. कधीच मेली."

का? देऊन टाकायला काय लागत होतं? एवढंच, की दिली असती तर ती म्हणाली असती, तुम्ही जपलीत. आणि ते माझ्याच्याने ऐकवलं नसतं.

ती बाकावर माझ्याशेजारी टेकली. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून, माझंच सांत्वन करावं तशी म्हणाली, "एखादं वर्ष दम खाते ती, आक्का. वर काही दिसत नाही, पण खाली असते. जागा खणू नका हं."

मी हो म्हटलं. तिची गाडी लागली, ती गेली.

मी रिक्षा करून मास्तरांकडे गेले. त्यांनी पुडी उघडली, शेंदरी बिया तळहातावर घेऊन बघितल्या, पुन्हा बांधल्या आणि पेन काढलं. "कुणी जतन केल्या ते लिहून ठेवतो आम्ही," म्हणाले. पुडीवर त्यांनी माझं नाव लिहिलं आणि वाचायला माझ्यापुढे धरलं.

मी वाचलं. बरोबर आहे, म्हटलं.