नलूआत्यांचा आवाज

हे मी आजवर कुणाशीच बोललेले नाही. नवऱ्याशी तर नाहीच, कारण ज्यांच्याबद्दल सांगायचंय त्या त्याच्या सख्ख्या आत्या. तुम्ही परके आहात, म्हणून कदाचित जमेल — बघू या.

मी मोबाइलवरच्या गेमसाठी आवाजाचं काम करते. कुठलं पात्र काय बोलणार, कुणाच्या आवाजात बोलणार, हे बघायचं. वसईच्या एव्हरशाईन सिटीतल्या फ्लॅटमधून, घरूनच. सध्या आमच्या धंद्यात एकच भांडण चालू आहे: माणसाचा आवाज यंत्राला शिकवायचा का, आणि शिकवायचा तर त्या माणसाला विचारायचं का. परदेशात आवाज देणारे कलाकार यावरून संपावर गेले. आपल्याकडे कॉलेजांत चर्चा होतात, आणि गंमत म्हणजे तिथे मला बोलावतात. मी जाते. 'आवाज ज्याचा त्याच्या मालकीचा' असं ठणकावून सांगते. पोरं टाळ्या वाजवतात. लोका सांगे ब्रह्मज्ञान — पुढचं तुम्हाला पाठ असेलच.

तर नलूआत्या. वसईजवळच्या वटार गावात त्यांची केळीची वाडी. आणि त्या धवलारीण, म्हणजे माझ्या सासरकडच्या लग्नांत धवले ही मंगलगाणी म्हणणारी बाई. मी जवळच्याच आचोळ्यात वाढलेली, पण माहेर मूळचं खाली कोकणातलं, मला धवला म्हणजे काय हेही ठाऊक नव्हतं. माझ्याच हळदीला त्यांनी आवाज लावला आणि मांडवातला गलका थांबला. मला रडू आलं. माहेरच्या आठवणीने नव्हे, नुसत्या त्या आवाजाने.

पुढे एका गेमला आजी हवी होती. बाग लावणाऱ्या मुलांना सूचना देणारी. ऑफिसने पाठवलेल्या सगळ्या बायका आजी म्हणजे थरथरत बोलायचं असं समजून बसलेल्या. मी आत्यांना विचारलं. त्या आल्या, येताना वाडीतल्या केळ्यांची सुकेळी घेऊन. आवाज घुमू नये म्हणून बेडरूमच्या कपाटात गोधड्या टांगून मी त्यांना आत उभं केलं, पंखा बंद केला. त्या घामाघूम होऊन हसत होत्या. "काय गो, नातसुनेने आत्याला कपाटात कोंडलं म्हणून गावभर होईल!" — नातसून मी नव्हे, भाचेसून, पण आत्या नाती अशीच मनाला येतील तशी लावायच्या. "आधी पाणी घाल, मग फुलं माग" हे वाक्य त्यांनी स्वतःच्या पदरचं घातलं. गेम चालला. मुलांना आजी आवडली.

मग त्या येतच राहिल्या. रेकॉर्डिंगच्या आदल्या दिवशी दही वर्ज्य, तोंडात खडीसाखर. हेडफोन लावून स्वतःला ऐकताना त्यांचा चेहरा — लहान मुलीचा व्हायचा, दुसरा शब्द नाही माझ्याकडे.

आणि मग ऑफिसने जुनी सगळी रेकॉर्डिंग मागितली. यंत्राला शिकवायला. मी ऑफिसला विचारू शकले असते, आत्यांना हे सांगितलंय का? सांगणारी मीच होते. मी फाइल्स पाठवून दिल्या. थोड्याच दिवसांत यंत्र त्यांच्या आवाजात बोलू लागलं, त्यांनी कधीच न उच्चारलेली वाक्यं. त्यांना बोलवायची गरज उरली नाही.

इथवर वाचून तुम्ही म्हणाल, हे तर सगळेच करतात. खरंय. इतकंच असतं तर मी हे लिहायला बसलेच नसते.

आत्यांचा फोन यायचा — कधी येऊ? काय सांगणार होते मी? तुमचा आवाज माझ्याकडे आहे, आता तुमची गरज नाही? ते वटारला पोचलं असतं, मग नवऱ्याला, मग सगळ्या भावकीला. मला त्या घरात वाईट व्हायचं नव्हतं. बस, एवढीच भीती. एवढ्याशा भीतीपायी मी त्यांना बोलावलं, नेहमीसारखं कपाटात उभं केलं, आणि बाहेर आल्यावर म्हटलं, "आत्या, आवाज फाटतोय हो तुमचा हल्ली."

त्यांना पटेना. "मला तर नाही जाणवत."

तर — हे सांगायचं होतं. मी लॅपटॉप ओढला. पडद्यावर एक पट्टी असते, ती सरकवली की कुणाचाही आवाज खरखरतो, चिरतो. मी ती सरकवली. त्यांच्या कानांवर हेडफोन मी माझ्या हातांनी ठेवले आणि त्यांना त्यांचा फाटलेला आवाज ऐकवला.

त्या पूर्ण ऐकत बसल्या. मग हेडफोन काढले, नीट गुंडाळून ठेवले आणि म्हणाल्या, "बरं झालं गो तू सांगितलंस. दुसऱ्या कुणी नसतं सांगितलं."

त्यांच्या आईने त्यांना एक नेम घालून दिला होता. फुटक्या गळ्याने धवला म्हणायचा नाही, नवरा-नवरीला बाधतं. हे मला माहीत होतं का? होतं. माझ्या हळदीनंतर त्यांनीच सांगितलं होतं. पट्टी सरकवताना ते आठवलं होतं का, याचं उत्तर मी स्वतःला बरेच दिवस 'नाही' असं देत आले. आठवलं होतं.

आत्यांनी धवले सोडले. वसईच्या डॉक्टरने गळा तपासून ठणठणीत असल्याचं सांगितलं, नवऱ्यानेही समजावलं. त्या म्हणाल्या, "डॉक्टर माणूस आहे, बरं वाटावं म्हणून बोलेल. मशीनला काय पडलंय खोटं बोलायचं?" मी तिथेच होते, चहा गाळत. गाळून झाल्यावर सगळ्यांना दिला.

मागच्या थंडीत वटारला घरचं लग्न होतं. धवले स्पीकरवर लावले होते, कुठल्याशा गावचे, आणि कुणी ऐकत नव्हतं. आत्या मागे खुर्चीत बसल्या होत्या. बायका आग्रह करायला गेल्या तर पोरीच्या संसाराला कशाला बाधा, म्हणून त्यांनी हात जोडले. शेजारी माझी पुतणी मोबाइलवर गेम खेळत होती. दुकान चालवायचा, आमच्याच ऑफिसचा, नवीन. त्यातली बाई गिऱ्हाइकांशी बोलत होती.

आत्या कान देऊन ऐकू लागल्या. पुतणीला म्हणाल्या, जरा मोठा कर. मग मला हाक मारून जवळ बसवलं.

"कोण गो ही?"

"मशीन आहे, आत्या."

"गोड गळा आहे." त्या थोडा वेळ ऐकत राहिल्या. "माझा असाच होता ना गो, आधी?"

आता. आता तरी. पुतणी खेळत होती, जवळपास दुसरं कुणी नव्हतं. एका वाक्याचं काम होतं.

"हो," मी म्हटलं, "अगदी असाच होता."

त्यांनी समाधानाने मान हलवली. मग पंगत बसली म्हणून हाक आली. गुडघे दुखतात त्यांचे, म्हणून मी हात दिला, आणि माझा हात धरून त्या उठल्या.